मागचे स्पीकर

यंदा पुन्हा साखर कारखान्याच्या गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडली आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या पणदऱ्याच्या रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर वाजत जायला लागले. वाजत हे मी उगीच म्हणत नाही. आमच्याकडं उसाचा ट्रॅक्टर मुका जात नाही. टपावर, मडगार्डवर, ड्रायव्हरच्या पाठीमागं फळी ठोकून तिच्यावर, जिथं जागा मिळेल तिथं स्पीकर बांधलेले असतात, आणि दोन ट्रॉल्या उसाबरोबर एखादं गाणंही कारखान्यापर्यंत पोचवलं जातं. आधी लांबून नुसता ठोका येतो. मग गाणं येतं. मग आमच्या गोठ्याचा पत्रा थरथरतो, म्हैस मान वर करते, आणि ट्रॅक्टर निघून गेला की उसाच्या शेंड्याच्या वाढ्यांचा ओला हिरवा वास आणि रस्त्यावर पडलेली दोन-चार कांडकी मागं राहतात.

त्यातला एक निळा ट्रॅक्टर मी बरोबर ओळखतो. त्याच्या मडगार्डवरचे दोन स्पीकर माझे आहेत. म्हणजे होते. एका हंगामापुरते ते माझ्या मोटारसायकलवर, मागच्या सीटच्या दोन्ही बाजूंना, माझ्या बायकोच्या कानांशी बसवलेले होते.

चार वर्षं झाली त्याला. त्या हंगामात मी मोटारसायकलचे पुढचे स्पीकर बदलले, मागचे बदलले, ॲम्प बदलला, वायरिंग नवं ओढलं. कान सोडून सगळं बदललं. आणि त्या खटाटोपात माझ्या मागं बसलेलं माणूस माझ्याशी बोलायचं बंद होत चाललं होतं, ते माझ्या गावीही नव्हतं. आज ओट्यावर बसून मला त्याचं हसू येतं, पण ते बरंच लांबून येतं.

मी पस्तीस वर्षं साखर कारखान्याच्या मिलमध्ये काढली. फिटर म्हणून लागलो, फोरमन म्हणून उतरलो. मिल म्हणजे जिथं ऊस चिरडतात ती जागा, आणि ऊस काही गपचूप चिरडून घेत नाही. तिथं माणसाच्या तोंडाचा उपयोग तंबाखू धरण्यापुरता. बोलायचं ते हातांनी. तळवा खाली करून दाबला की ऊस कमी कर. तळवा वर करून बोटं हलवली की येऊ दे. मूठ आवळून वर धरली की बंद. ह्याच्यावर आम्ही अख्खे हंगाम काढले आहेत, भांडणंसुद्धा केली आहेत. लग्न होऊन शालन कारखान्याच्या कॉलनीत आली, तेव्हा दोन खोल्यांत शेजारच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मी तिला हे हात शिकवले. ती महिनाभरात माझ्यापेक्षा तरबेज झाली. मी ताटावर बसलो आणि भाकरी पुरे झाली की मूठ दाखवायचो, ती मुद्दाम तळवा वर करून बोटं हलवायची आणि आणखी एक वाढायची.

कारखान्यानं कानात घालायला पिवळे बोळे दिले होते. ते आम्ही खिळ्याला टांगून ठेवले. कुणी नवा पोऱ्या ते घालून आला की, "काय रे, सासरी आलास का, एवढा लाजतोयस?" असं म्हणून त्याला हैराण करायचं. दोन दिवसांत त्याचेही बोळे खिळ्यावर. शेवटी तो खिळाच कुठं दिसेना एवढे बोळे त्याच्यावर साठले, आणि त्याचा आम्हाला अभिमान होता.

शालनचा आवाज बारीक आहे. कॉलनीतल्या बायका म्हणायच्या, हिला हाक मारायला लावली तर कोंबडीसुद्धा वळून बघणार नाही. पण बोलायला ती कमी नव्हती. आमच्या जुन्या साध्या मोटारसायकलवर ती मागं बसली की पणदऱ्यापासून जी सुरू व्हायची ती बारामती मागं टाकून भिगवणपर्यंत. हनुवटी माझ्या खांद्याला टेकवायची आणि कानात बोलायची. कुणाची सून कशी, कुणाच्या गाईनं किती दूध दिलं, कुठल्या शेतातल्या उसाला तुरे आले. समोरून ट्रक आला की तेवढ्यापुरती थांबायची. ट्रक गेला की, "तर मी काय म्हणत हुते," आणि धागा जिथं तुटला तिथूनच पुढं. मी नुसतं हं म्हणायचो. मला सगळं ऐकू येत होतं आणि ते मला फार आवडायचं, पण हे मी तिला कधी सांगितलं नाही. आमच्या पिढीत असलं सांगत नव्हते. आता वाटतं, तेवढं सांगितलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

सेवेतून मोकळा झालो आणि मला टूरिंग मोटारसायकल घ्यायची हुक्की आली. पुण्यातल्या एका डॉक्टरांची होती, ते परदेशी मुलाकडं निघाले होते. पुढं मोठी काच, बाजूला पेट्या, मागच्या बसणाऱ्याला पाठ टेकायला गादी, आणि टेप. गाडी दारात आणली तर निम्मं गाव बघायला. आमच्या आळीतले आबा काठी टेकत तिच्याभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "तात्या, समदं झ्याक हाय. पर हिला ट्रॉली कुठं जोडायची?"

शालन मागच्या गादीवर बसली, दोन्ही हात बाजूला टेकले आणि म्हणाली, "सरपंच झाल्यासारखं वाटतंय." पण ती सीट माझ्यापासून लांब होती. तिथून हनुवटी खांद्याला टेकत नव्हती. हे मला तेव्हा सुचलं नाही.

वर्षभर मजेत गेलं. मग मला टेप कमी ऐकू यायला लागला. आधी वाटलं वारा. मग वाटलं स्पीकर जुने झाले, डॉक्टरांनी काय नीट वापरले असणार. घरातसुद्धा लोक हळू बोलायला लागले होते. टीव्ही हळू, फोन हळू, शालन तर पुटपुटायलाच लागली होती. "जरा तोंड उघडून बोल की," असं मी तिला म्हणायचो, आणि ती माझ्याकडं बघून गप्प व्हायची. माणसाला आपलं सोडून जगातलं सगळं बिघडलेलं दिसतं. मला तर यंत्रं दुरुस्त करायची सवय, त्यामुळं मी ताबडतोब पाने-पक्कड घेऊन जगाच्या मागं लागलो.

इंदापूरला बिरा म्हणून एकजण ट्रॅक्टरचे टेप बसवतो. त्याची कीर्ती मोठी. हंगामाच्या तोंडावर त्याच्या शेडपुढं ट्रॅक्टरांची रांग लागते. त्याच्या आज्यापर्यंत घरात मेंढरं होती, बापानं थोडी सांभाळली, मग पाणी आलं आणि शेती झाली. बिरा म्हणतो, कळपातलं कुठलं कोकरू ओरडतंय हे आज्याला पाठमोरा बसून कळायचं, तोच कान मला आलाय, फक्त मेंढरं गेली आणि स्पीकर आले. दिवाळीनंतर मी गाडी त्याच्याकडं नेली. शालन बरोबर होती, कारण येताना भिगवणला चिलापी मासे खायचे हे ठरलेलं असायचं.

बिरानं गाडीला एक फेरी मारली आणि विचारलं, "तात्या, टेप कुणासाठी हाय?"

"म्हंजे?"

"ट्रॅक्टरचा टेप ड्रायव्हरसाठी नसतोय. इंजनापुढं त्याला काय बी ऐकू येत न्हाय. तो रस्त्यासाठी असतोय. वळणावर माणसानं बाजूला व्हावं, घरच्यांना कळावं आपला गडी आला म्हणून. त्याच्या स्पीकरची तोंडं बाहेर. तुमचं सांगा, तोंडं कुणाकडं करू?"

मला प्रश्न आवडला, उत्तर मात्र मी घाईत दिलं. म्हणालो, "दोघांसाठी कर. पुढं मला, मागं हिला. आणि मोठे लाव, ऐकू आलं पाहिजे."

"मागचे काकूंच्या कानापाशी येतील."

"येऊ दे की. तिला बी ऐकू दे."

शालन बाकावर बसून चहा पीत होती. तिनं कप खाली ठेवला आणि रस्त्याकडं बघत बसली. चहा अर्धा राहिला होता. ती चहा कधी टाकत नाही, पण मी तेव्हा स्पीकर बघत होतो.

तो हंगाम मला आता तुकड्यातुकड्यांनी आठवतो. सकाळचं धुकं, दोन्ही बाजूंना ऊस, तुऱ्यांवर ऊन, कारखान्याच्या धुरात मिसळलेला मळीचा आंबूस वास. भिगवणजवळ पाणी दिसायला लागलं की लांब उथळ कडेला रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ. पुढून-मागून गाणी. ट्रॅक्टरला मागं टाकताना त्याचं गाणं आणि आमचं गाणं एकमेकांत घुसायचं आणि ड्रायव्हर हात वर करून दाद द्यायचा. एकदा लोणी देवकरला नव्या ॲम्पनं बॅटरी पार बसवली. एमआयडीसीची पाळी नुकती सुटली होती, डबे लटकवून चाललेल्या कामगारांनी ढकलून गाडी सुरू करून दिली आणि एकजण म्हणाला, "काका, टेपला मोटारसायकल बसवलीय व्हय?" मी खूश झालो. मी सगळ्यावरच खूश होतो.

शालन मागं गप्प असायची. मला वाटायचं गाणी ऐकतेय. भिगवणला हॉटेलात बसलो की चिलापीचे काटे काढत खाली मान घालून जेवायची. "कसा वाजतोय टेप?" मी विचारायचो. ती मान हलवायची. चांगला वाजतोय, असं मी समजायचो. परत निघताना ती हेल्मेट घालायच्या आधी पाठ फिरवायची आणि पदराआड काहीतरी करायची. केस सारखे करत असेल, मला काय.

मला मात्र समाधान नव्हतं. आवाज मोठा यायचा पण स्वच्छ येत नव्हता. ढोलकीचा घुमार यायचा, टाळ यायचे नाहीत. दुसऱ्यांदा बिराकडं गेलो, त्यानं ॲम्प आणि सगळं वायरिंग बदललं. पौष सरत आला तेव्हा तिसऱ्यांदा गेलो. म्हणालो, तुझे ट्विटर, बारीक आवाजाचे ते छोटे स्पीकर, खराब आहेत.

बिरानं ह्या खेपेला फार वाद घातला नाही. गाडीचं झाकण उघडलं, दोन-तीन वायरी सोडवल्या, आणि माझ्याकडं बघत बटण फिरवलं. मी वाट बघत उभा. शेडमध्ये बाकाखाली त्याचं कुत्रं झोपलेलं होतं, ते उठलं आणि शेपूट घालून बाहेर गेलं. शालननं दोन्ही हात कानांवर दाबले. मी म्हणालो, "अरे बिरा, लाव की आता. किती वेळ?"

बिराचा हात बटणावर तसाच होता. मग त्यानं बटण बंद केलं आणि माझ्यासमोर येऊन, तोंड दिसेल असा उभा राहून म्हणाला, "लावला हुता तात्या. बारीक आवाज तेवढाच ठिवला हुता."

मी संतापलो. म्हणालो, माझ्या कानाला काय धाड भरलीय? कारखान्यात दर वर्षी कान तपासले जायचे आणि मी दर वर्षी पास झालोय!

हे खरं होतं. कान तपासणारा माणूस मशीन घेऊन यायचा, आमच्या कानांवर हेडफोन चढवायचा, आणि आवाज आला की आम्ही बटण दाबायचं. नापास झालं की मिलमधून उचलून कुठंतरी गोडाऊनला बसवतील ही भीती. तो माणूस नेहमी खिडकीकडं पाठ करून बसायचा आणि मागच्या काचेत मशीनवरचं त्याचं बोट दिसायचं. बोट खाली गेलं की मी बटण दाबायचो. सगळी मिल असंच करायची. आम्ही नव्या माणसाला आधी खुर्ची कुठं ओढून बसायची ते शिकवायचो. इतकी वर्षं मी डोळ्यांनी कानाची परीक्षा पास होत आलो आणि शेवटी ते विसरूनही गेलो.

बिरा शांतपणे वायरी जोडत होता. म्हणाला, "माझ्या आज्याला म्हातारपणी कळपाचं वरडणं यायचं, नव्या कोकराचं येईना झालं. तवा त्यानं काठी बापाच्या हातात दिली. बारीक आवाज आधी जातोय तात्या. जाड मागं ऱ्हातोय."

मी शालनकडं पाहिलं. ती माझ्याकडं अशी बघत होती की मला वाटलं ही माझी कीव करतेय. मी गाडी काढली. टेप लावला नाही.

लोणी देवकर मागं पडलं. रस्ता मोकळा होता, ऊन सपाट पडलं होतं. भिगवण थोडं राहिलं असताना माझ्या खांद्यावरून एक हात पुढं आला. काचेसमोर, मला नीट दिसेल असा. हिरव्या बांगड्या, आवळलेली मूठ.

पस्तीस वर्षं ती मूठ दिसली की माझा हात आपोआप चालायचा. मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. शालन उतरली. हेल्मेट काढलं. मग पाठ न फिरवता, माझ्यासमोरच, तिनं दोन्ही कानांतून कापसाचे बोळे काढले आणि माझ्या तळव्यावर ठेवले.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"मागचे स्पीकर बसल्यापासून."

"मग सांगितलं नाहीस?"

"काय सांगू?" ती सावकाश, ओठ हलवून बोलत होती, तिला बिराकडं बघून लगेच समजलं होतं कसं बोलायचं ते. "मी मागं बसून बोलतेय आन् तुमी हं बी म्हणत न्हाय. वळा म्हटलं तर वळत न्हाय. मग टेप मोठा केलात. मग माझ्या कानाशी स्पीकर. मी म्हटलं, आता माझं बोलणं नको झालंय ह्यांना. बायकोचं तोंड बंद करायला एवढा कुटाणा? सरळ सांगायचं हुतं की. मग मी बी कापूस घातला आन् गप बसले."

"अगं, मला ऐकूच येत नव्हतं."

"ते आत्ता कळलं न्हवं मला!" ती हसायला लागली. हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ती ते पुसायचंही विसरली. "नुसता कानच गेलाय व्हय! मला वाटलं मानूसच गेलं."

बिराच्या शेडमध्ये तिच्या तोंडावर जे दिसलं होतं ती कीव नव्हती, तिचा जीव भांड्यात पडला होता. मला मात्र भरून आलं. मी हायवेच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांसमोर रडलो, हे लिहून टाकतो. मुठीत कापूस होता. खिळ्यावर टांगलेले ते सगळे पिवळे बोळे मला आठवले. मी माझ्या कानात जे कधी घातलं नाही, ते माझ्यापायी तिला घालावं लागलं होतं.

पुढचं साधं आहे. बारामतीच्या कानाच्या डॉक्टरांनी मशीन दिलं. ह्या वेळी मी खुर्ची भिंतीकडं तोंड करून ओढून घेतली. बिरानं मागचे स्पीकर उतरवले आणि एका निळ्या ट्रॅक्टरवर बसवले, तोंडं बाहेर करून. "तिथं त्यांचं काम हाय," म्हणाला. पुढचे ठेवलेत, पण लावत नाही. मागची गादी पुढं सरकवून घेतली. मशीनला वाऱ्याचा वेग सोसत नाही, नुसता सूंसूं आवाज भरतो, म्हणून आता गाडी सायकलच्या बरोबरीनं चालवतो. एवढी थोरली गाडी, आणि उसाचे ट्रॅक्टर हॉर्न वाजवून आम्हाला मागं टाकतात. मशीनमधून शालनचा आवाज पूर्वीसारखा येत नाही, थोडा पत्र्यासारखा येतो. पण शब्द येतात.

एकदा मी तिला विचारलं, स्पीकर बसायच्या आधी, मला ऐकू येत नव्हतं तेव्हा मागं बसून काय काय बोललीस?

"असलंच. उसाला तुरे आलेत. आपल्या धाकट्या लेकीच्या पोराला दात आलाय. ती चिंच तोडली बघा."

"एवढंच?"

"एक-दोनदा रडले बी. ते जाऊ द्या." आणि ती उठून म्हशीला पाणी पाजायला गेली. त्या दिवसांतली सगळी गाणी मला सांगता येतील. तिचं एक वाक्य सांगता येणार नाही.

परवा आम्ही भिगवणला निघालो होतो. बारामती सोडून पुढं आल्यावर मागून ठोका यायला लागला. मग गाणं आलं. शालन तिच्या बहिणीच्या घराच्या स्लॅबबद्दल काहीतरी सांगत होती, ती मध्येच थांबली. तिचा हात पुढं आला. मूठ. मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. निळा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन रस्ता हादरवत शेजारून गेला, ड्रायव्हरनं आम्हाला बघून हात वर केला. बराच वेळ ते गाणं जात राहिलं. आम्ही दोघं तोंडावर धूळ घेत उभे होतो.

"आपले स्पीकर गेले," ती म्हणाली.

मग तिनं तळवा वर करून बोटं हलवली. मी गाडी सुरू केली, पहिल्या गिअरमध्ये टाकली. खांद्यावर हनुवटी आली.

"तर मी काय म्हणत हुते..."